त्या तेरा सेकंदांबद्दल

नारायण पेठ, पुणे
2 फेब्रुवारी 2025

चि. बंटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय. परवा मी बोलले ते बोलायला नको होतं. "बाबा गेले तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि त्या गोऱ्याच्या गाण्याला हुंदके?" तू फोन ठेवलास, तेव्हापासून ते माझ्याच कानात वाजतंय.

त्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमात तुझ्या मित्राने काढून टाकलेला तुझा व्हिडिओ ताईने मला पाठवला. आधी वाटलं तू हसतोयस. मग तू चष्मा काढून बाहीने डोळे पुसलेस आणि पुन्हा घातलास तो वाकडा. अगदी बाबांसारखा. तेरा सेकंदांचा व्हिडिओ, किती वेळा बघितला ते सांगत नाही.

रात्री झोप लागते ना नीट?

गाणं कुठलं तेही ताईनेच सांगितलं, 'फिक्स यू'. म्हणाली, ते गाणाऱ्या क्रिस मार्टिनच्या तेव्हाच्या बायकोचे वडील 2002 साली गेले, ती खचली, त्यातून ते गाणं आलं. सासऱ्यांनी जायच्या थोडं आधी एक मोठा कीबोर्ड घेऊन ठेवला होता, त्याची पिनसुद्धा कुणी लावली नव्हती. याने लावली, तर कधी न ऐकलेला आवाज निघाला. मी मेथी निवडत होते. पानं आणि काड्या एकाच ताटात टाकत बसले.

तुला हे माहीत होतं का? की तिथे उभ्या उभ्याच काहीतरी आलं? राहू दे, विचारत नाही.

बाबांचं एक सांगते. 1997 चा डिसेंबर, रमणबाग. तू पोटात होतास, सहावा महिना. मोठी आई नको म्हणत होती तरी गेलो, कारण तेव्हा सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चालायचा आणि शेवटी भीमसेनजी गायचे. सतरंजी, थर्मास, बाबांची ती माकडटोपी. 'जो भजे हरि को सदा' सुरू झालं आणि माझ्या हातातला त्यांचा हात सुटला. वळून बघते तर मफलर तोंडात कोंबून रडतायत. ज्यांना अख्खं ऑफिस टरकून असायचं, ते. शेजारच्या अनोळखी आजोबांनी काही न बोलता सुपारीची डबी पुढे केली. सगळ्यात शेवटी भीमसेनजींच्या गुरूंचं, सवाई गंधर्वांचं, जुनं रेकॉर्ड लागलं, 'बिन देखे', तेव्हा घरी निघालेली माणसं सतरंजीची अर्धी घडी हातात धरून तशीच उभी राहिली.

वाटेत विचारलं, काय झालं हो? म्हणाले, "काही नाही, थंडी." तुझ्या आजोबांना, अण्णांना, जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, मला कळायला हवं होतं. पुन्हा कधी विचारलं नाही. आता कुणाला विचारू?

म्हणून तुला विचारते, झोपतोस ना?

ओंकारेश्वरावर दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा सगळे आपापलं बोलून दमले. शेवटी तू पुढे होऊन म्हणालास, "आईचं मी बघतो." लगेच शिवला. आत्या म्हणाली, पोरगा कर्ता झाला. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. हॉस्पिटलचं बिल, वॉर्ड ऑफिसातला दाखला, बँक, सगळं तू केलंस, आणि मी ते करू दिलं. पण तू जेवायला बसलेला मला त्या तेरा दिवसांत आठवत नाही.

आता ओरडायचं ते ओरडून घेते. तिकिटाला एवढे पैसे? त्यात नवा गॅस शेगडीसकट आला असता. नेरुळच्या त्या स्टेडियमवरून रात्री परत कसा आलास, शेवटची लोकल मिळाली का, काही कळवलं नाहीस. आणि ते मनगटावरचे चमकणारे पट्टे शेवटी परत द्यायचे असतात म्हणे, दिलास ना? बाबांनी लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं नाही कधी.

झालं, पुन्हा सुरू झाले मी. रागावू नकोस. पैसे तुझे आहेत. आणि तो गोरा मराठीत चार शब्द बोलला हे ऐकून मला बरंच वाटलं.

काल ते गाणं मोबाइलवर लावलं. सुरुवातीला पेटीसारखं काहीतरी हळू वाजतं, तेवढंच ऐकलं. मग शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि मी बंद केलं. उरलेलं तू आलास की ऐकू. तुला हवं असेल तर.

आत्या शुक्रवारी वाशीला येतेय. तिच्याबरोबर मेथीचे लाडू देते. डबा परत पाठव.

तुझी,
आई

ता. क. रात्री दोनला फोन केलास तरी मी जागीच असते. तू किती वाजता झोपतोस, ते तेवढं कळव.