पेट्या मागवण्याआधी

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा मधपेट्यांबद्दल भरभरून बोलत होते. शेत सेंद्रिय झालं, आता पेट्या आणून ठेवल्या की मधही मिळेल आणि पिकंही चांगली धरतील, असा त्यांचा हिशेब. बेत मला मनापासून आवडला. फक्त पेट्या मागवण्याआधी एक करा: वर्षाच्या कोणत्या महिन्यात आपल्या शेतात आणि बांधावर काय काय फुललेलं असतं, ते एका कागदावर लिहून काढा. माझं सगळं सांगणं त्या कागदापाशीच येतं.

विषारी औषधं बंद केलीत, ही फार मोठी गोष्ट आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी कीटकनाशक औषधं नुसती बियाण्याला चोळली तरी झाडाच्या रसात भिनतात आणि पुढे मकरंदात, परागात उतरतात. माशी लगेच मरतेच असं नाही. थोड्या मात्रेनेही तिला दिशा कळेनाशी होते आणि पेटीकडे परतता येत नाही. बाहेर गेलेल्या कामकरी माश्या आल्याच नाहीत, तर आतल्या पिल्लांना भरवायचं कोणी? युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांसाठीच. आणि बियाण्याला चोळलेल्या औषधाचा मोठा भाग मातीतच राहतो. जगात मधमाश्या आणि त्यांच्या नात्यातल्या माश्या, भुंगे धरून २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक पोळं बांधतच नाहीत, एकेकट्या राहतात, जमिनीत बीळ करून. म्हणून बांधाची एखादी कोरडी, उघडी पट्टी न नांगरता तशीच राहू द्या.

पण विष थांबलं म्हणून पोट भरत नाही. मोठ्या माश्या मकरंदावर उडतात, पिल्लं मात्र परागावर वाढतात, आणि एकाच फुलाच्या परागातून त्यांना हवं ते सगळं मिळत नाही. सूर्यफुलाचं शेत फुललं की काही दिवस चंगळ असते, मग एकदम उपासमार. मधली ही पोकळी भरायला सेंद्रिय शेती खरी उपयोगी पडते, कारण तिच्यात फेरपालट, आंतरपीक, हिरवळीचं खत हे सगळं आधीच असतं. बोरू म्हणजे ताग आपण फुलोऱ्यात येताच गाडतो, त्यातली एक पट्टी फुलू द्या. कोथिंबीर, मोहरी, मेथी यांची शेवटची ओळ उपटू नका. आई, तुला स्वच्छ बांध आवडतो हे मला ठाऊक आहे, पण दगडीपाल्याची ती बारकी फुलं पिकं नसतानाच्या दिवसांत माश्यांना फार आधार देतात. निदान एका बाजूचा बांध सोड.

वांग्याचं फूल कधी जवळून पाहा. मधले पिवळे पुंकेसर बंद नळ्यांसारखे असतात आणि पराग बाहेर पडायला फक्त टोकाशी बारीक छिद्रं असतात. काळा भुंगा येतो, फुलाला घट्ट लटकतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. त्या वेळी त्याची गुणगुण बदलते, चिरकी होते, आणि पराग भुर्रकन त्याच्या पोटावर सांडतो. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. म्हणजे वांग्यासाठी पेटी आणून उपयोग नाही, भुंग्याला घर करायला बांधावरचं वाळकं लाकूड आणि पोकळ बांबू ठेवायला हवेत. काकडी-भोपळ्याला मात्र पेटीतल्या माश्यांची मदत होते. नर-मादी फुलं वेगळी असल्याने पराग पुरेसा पोचला नाही तर फळ वाकडं होतं किंवा गळून जातं.

आणखी एक. सेंद्रिय फवारणी माश्यांना बाधत नाही, असं धरून चालू नका. स्पिनोसॅड हे कीटकनाशक मातीतल्या जिवाणूपासून मिळतं, सेंद्रियमध्ये चालतं, पण ओलं असताना माशीला मारतं. फुलोऱ्यात ते नकोच. निंबोळी अर्कही माश्या परतल्यावर, संध्याकाळीच फवारा.

शेजाऱ्यांशीही बोलायला लागेल. सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती आपली देशी मधमाशी, साधारण एक किलोमीटरपर्यंत चरायला जाते असं धरलं, तरी वर्तुळ होतं ७७५ एकरांच्या आसपास. त्यात आपलं शेत केवढंसं! बाबा, तुमचा शब्द तिथे मानतात. फुलोऱ्यात सकाळी फवारू नका, एवढं जरी त्यांनी ऐकलं तरी खूप झालं.

पेट्या आल्या तर दोनच आणा, आणि त्याही सातेरीच्या. मध काढताना सगळा काढू नका. सलग पावसाच्या दिवसांत माश्या त्याच साठ्यावर जगतात. साखरेच्या पाकाने वेळ निभावते, परागाची जागा तो घेऊ शकत नाही. आणि उपासमार झाली की सातेरी पेटी सोडून सरळ निघून जाते. पेटी कंबरेइतक्या उंच स्टँडवर ठेवा, बाबांनी वाकून काही उचलायचं नाही. आई, गांधीलमाशी चावल्यावर तुझा हात सुजला होता, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घे. माशी चावल्यावर धाप लागली, ओठ किंवा घसा सुजला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

कागद तयार झाला की फोटो पाठवा. रिकामे महिने कोणते ते बघून काय लावायचं ते ठरवू. मला वाटतं शेवगा आणि करंज बांधावर लागतीलच. रोपं लावायला मी येते, खड्डे तुम्ही खणू नका.

तुमची,
लेक