ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

कॅलगरी,
८ फेब्रुवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस की नाकाचं हाड वाकडं आहे, पाडवा झाला की ऑपरेशन करून टाकते, म्हणजे ही डोकेदुखी एकदाची सुटेल. मागून बाबांचा आवाज आला, "करून घेऊ दे तिला, किती वर्षं सहन करायचं." तुझा कुकर लागला होता, दादाकडे जायची घाई होती, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. पण रात्रभर तेच डोक्यात होतं. हे फोनवर तुटक तुटक सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहितेय. वाच, बाबांनाही वाचायला दे, आणि डॉक्टरांकडे जाशील तेव्हा पर्समध्ये असू दे.

आई, एवढ्यात तारीख घेऊ नकोस. तुझं दुखणं सायनसचं आहे असं आपण घरातले सगळे कित्येक वर्षं धरून चाललोय. ते मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, तर नाही ना, हे तुला आजवर कोणी नीट विचारलेलंच नाही. मला इथे विचारलं, आणि माझं मायग्रेनच निघालं.

माझं दुखणं तुझ्याच वळणाचं आहे. भुवयांच्या वर आणि डोळ्यांच्या मागे दाब, एक नाकपुडी बंद, डोळ्यातून पाणी, खाली वाकलं की ठणका. इथे हिवाळ्यात घराघरांत हीटर चालू असतात, आतली हवा इतकी कोरडी होते की सकाळी नाकात रक्ताची खपली असते. त्यामुळे माझी खात्रीच होती की सायनस भरलाय. त्यात इथला चिनूक वारा. पॅसिफिककडून आलेली हवा रॉकी पर्वत चढताना आपला ओलावा टाकून देते आणि आमच्या बाजूला उतरताना तापते. सकाळी उणे वीस असलेलं तापमान संध्याकाळी शून्याच्या वर जातं, पश्चिमेला ढगांची लांबच लांब कमान दिसते, तिच्याखाली निळ्या आभाळाची पट्टी. लोक खूश होऊन जॅकेटची चेन उघडतात आणि मी खोलीत पडदे ओढून पडते. कॅलगरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००० साली यावर अभ्यास छापला होता. चिनूक यायच्या आदल्या दिवशी आणि जोराच्या चिनूकच्या दिवशी काही रुग्णांना मायग्रेनचा झटका येण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. म्हणजे हवा बदलली की डोकं दुखतं, एवढ्यावरून सायनस सिद्ध होत नाही. तुझं पावसाआधी कुंद हवेत दुखायला लागतं, तेही या दृष्टीने बघायला हवं.

इथल्या डॉक्टरबाईंनी नाकात बघायच्या आधी तीन प्रश्न विचारले. गेल्या तीन महिन्यांत डोकं दुखलं म्हणून एखादा दिवस काम सोडावं लागलं का? दुखताना मळमळतं का? उजेड नकोसा होतो का? तीनपैकी दोनांना हो म्हटलं तर मायग्रेनचा विचार करायलाच हवा, असं त्या म्हणाल्या. आता तुझी उत्तरं मीच देते. गडकरी रंगायतनची तिकिटं हातात असताना तू अंथरुणावर पडून राहिलीस आणि मी नि बाबा नाटकाला गेलो. ट्यूबलाइट लावली की तू ओरडायचीस. आणि मळमळीला तर आपण मळमळ म्हणतच नाही, पित्त म्हणतो. "पित्त डोक्यात चढलंय, उलटी झाली की मोकळं होईल," हे तुझं वाक्य. उलटी झाली की तुला झोप लागायची आणि उठल्यावर तू भाजी चिरायला बसायचीस. आई, मायग्रेनच्या कितीतरी रुग्णांचं असंच होतं. जेवणात काय चुकलं, वरणात तिखट जास्त पडलं का, यावर आपण घरात तासन् तास बोललो, पण मळमळ आणि डोकेदुखी एकाच दुखण्याची असतील हे डॉक्टरांसमोर कधी एका वाक्यात सांगितलं नाही. आणि आपल्या आजीला अर्धशिशी होती हे अख्ख्या नात्यात माहीत आहे. हे दुखणं घराण्यात उतरतं. ते डोक्याच्या एकाच बाजूला असायला हवं असंही नाही, दोन्ही बाजूंना दुखतं तेव्हाही मायग्रेन असू शकतं.

तू म्हणशील, मग नाक का चोंदतं? मीही हेच विचारलं. चेहऱ्याला, कपाळाला, गालाला आणि सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या, अस्तराला संवेदना पुरवणारी एकच मोठी नस आहे, ट्रायजेमिनल. मायग्रेनमध्ये ती चेतवली जाते आणि तिच्या जोडीने नाकाडोळ्यांकडे जाणाऱ्या दुसऱ्या नसाही जाग्या होतात. मग डोळ्यातून पाणी येतं, नाक बंद होतं, पातळ वाहतं. बिल्डिंगच्या मीटरबोर्डात बिघाड असेल तर तिसऱ्या मजल्यावरचा दिवा लुकलुकतो, तसं आहे हे. दिवा बदलून उपयोग नसतो. २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपली डोकेदुखी सायनसची आहे असं मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या २,९९१ जणांना त्यात तपासलं, जंतुसंसर्गाच्या खुणा असलेले आधीच वगळले होते. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. हा आकडा वाचून मला तुझाच चेहरा आठवला.

खरा सायनस नसतोच असं मी म्हणत नाही. तो वेगळा ओळखू येतो. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, वास न येणं, गाल दुखणं, वरच्या दाढा दुखणं, कधी ताप. सर्दीनंतरचा बहुतेक सायनस विषाणूंमुळे होतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. दहा दिवसांनंतरही कमी होत नसेल, किंवा बरं वाटू लागून पुन्हा बिघडलं, तर डॉक्टर जंतूंचा विचार करतात. बारा आठवड्यांच्या वर चाललं तर तो जुनाट. तुझं दुखणं एक-दोन दिवसांत उतरतं आणि मधले दिवस तू ठणठणीत असतेस. जुनाट सायनस असा सुट्ट्या घेत नाही. आणि वाकडं हाड म्हणशील तर थोडंफार वाकडं ते पुष्कळांचं असतं, त्यांना काही त्रासही नसतो. स्कॅनमध्ये अस्तर जरा जाड दिसतं, तेही निरोगी माणसांत सापडतं.

आता तू काय करायचंस ते सांगते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तू दूधवाल्याचे खाडे मांडतेस ना, त्याच चौकोनात लाल पेनाने डोकं दुखलेला दिवस लिही. दुखलं तर "डो", गोळी घेतली तर "गो", उलटी झाली तर "उ". झोप कमी झाली किंवा जेवण चुकलं तर तेही एका अक्षरात. दोन महिने झाले की ती पानं फाडून डॉक्टरांपुढे ठेव. मला एका गोष्टीचा दाट संशय आहे. संकष्टीला तू सकाळपासून चहावर राहतेस, दुपारी खिचडी बाबांना देतेस आणि स्वतः चंद्रोदय होईपर्यंत थांबतेस. कालनिर्णयवर संकष्टी छापलेलीच असते, तिच्या आसपास लाल अक्षरं जमतात का बघ. उपाशी राहणं मायग्रेनला जागं करतं. उपास सोड असं मी कधीच म्हणणार नाही, पण दुपारी ताक, केळं, मूठभर शेंगदाणे एवढं तरी पोटात जाऊ दे. पाडव्याच्या स्वागतयात्रेचंही तेच. पहाटे उठून नऊवारी, रिकाम्या पोटी कोपिनेश्वरापासून चालत निघायचं, वर ऊन आणि ढोलताशा. जा, पण खाऊन जा.

गोळ्यांचं मात्र मनावर घे. फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात पट्ट्या असतात, त्यातली तू कधी किती घेतेस याचा हिशेब कोणाकडेच नाही. क्रोसिनसारखी साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफिन वगैरे मिसळलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर गोळीमुळेच रोजची डोकेदुखी लागू शकते. म्हणून ते "गो" अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. शिवाय तुला बीपी आहे. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांनी आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं. केमिस्टला सांगून "डोक्याची एक द्या" असं मागवणं बंद कर. आणि माझ्या गोळ्या मागू नकोस. माझी झटक्याची गोळी हृदयविकार असलेल्यांना किंवा बीपी ताब्यात नसलेल्यांना देत नाहीत. तुझ्यासाठी तुझे डॉक्टर ठरवतील. झटके वारंवार येत असतील तर ते कमी करायला रोज घ्यायची औषधंही असतात, मी तसं एक घेते आणि मला फरक आहे.

नाक मोकळं करणारे थेंब तुझ्या उशाशी असतात. ते तीन-चार दिवसांच्या पुढे टाकायचे नसतात, नाहीतर त्यांच्यामुळेच नाक आणखी चोंदतं आणि मग ते सुटत नाहीत. दादाकडे मानपाड्याला गेलीस की घोडबंदरच्या धुळीने शिंका सुरू होतात, ती अॅलर्जी खरी आहे. तिला रोजचा वेगळा स्प्रे देतात, त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्याबद्दल विचार. योगवर्गात शिकलेली जलनेती चालू ठेवायला हरकत नाही, पण नळाचं पाणी थेट वापरू नकोस. फिल्टरचंही नको. पाणी खळखळून उकळू दे, झाकून कोमट होऊ दे, मग अर्ध्या लिटरला पाऊण चहाचा चमचा मीठ. न उकळलेल्या पाण्यातून क्वचित एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो, आणि तो आजार बहुतेकांच्या जिवावर बेततो. वाफारा घे, पातेलं मात्र मांडीवर धरू नकोस.

आणि तुझा सुंठीचा लेप. तू दिलेली छोटी सहाण आणि सुंठेचे तुकडे मी इथे आणलेत. पाण्याच्या दोन थेंबांत सुंठ गोल गोल उगाळायची, कपाळावर लावला की आधी गार, मग चुणचुण, आणि वाळला की भुवया वर ओढल्यासारख्या होतात. अंधारात पडून मी अजूनही तो लावते. त्याने मला बरं वाटतं. डॉक्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, त्वचेला सोसत असेल तर खुशाल लावा.

बाबा, हे तुमच्यासाठी. अचानक, क्षणात, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं, तापासोबत मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर कालनिर्णयची वाट बघायची नाही, रिक्षा करून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्यायचं. कानशिलात नवंच दुखणं, चावताना जबडा भरून येणं किंवा नजर धूसर होणं, हेही या वयात लगेच दाखवायचं.

ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांना, आई, न घाबरता एवढं विचार: दुर्बिणीने नाकात बघितल्यावर पू किंवा अडथळा दिसला का? हे हाड सरळ केल्याने श्वास सुधारेल की डोकेदुखी जाईल? मायग्रेन नाही हे कशावरून ठरवलं? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. नाकाने श्वासच घेता येत नसेल तर ऑपरेशनचा उपयोग होतो, तेव्हा मीच रजा काढून येईन. पण त्याआधी एकदा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखव. दादाला म्हणावं, ओवीलाही परीक्षेच्या दिवसांत डोकं धरून बसताना मी व्हिडिओवर पाहिलंय, तिचाही चष्म्याचा नंबर तपासून झाल्यावर याचा विचार करा.

बाबांनी तुझ्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टचा फोटो पाठवावा, एक्स-रे असला तर तोही. शनिवारी माझ्याकडे रात्रीचे नऊ वाजले की तुमच्याकडे रविवारचे सकाळचे साडेनऊ होतात, तेव्हा फोन करते. त्याआधी फेब्रुवारीच्या पानावर पहिली अक्षरं पडलेली असू देत.

बाबांना नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, ओवीला खूप पापे.

तुझी,
मंजू