पोलिसांनी गाडी थांबवली तर

केटी, टेक्सास

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

व्हिसा झाला, जीव भांड्यात पडला. परवा फोनवर पिस्तुलाचा विषय निघाला तेव्हा आईने फोन बाबांच्या हातात दिला, बाबांनी पावसाची चौकशी केली आणि मुद्दा तसाच राहिला. म्हणून लिहायला बसले.

हो, तुमच्या जावयाकडे, मिलिंदकडे पिस्तूल आहे. रात्री उशिरा फार्मसी बंद करून तो एकटा येतो, म्हणून घेतलं. मला ते घरात आवडत नाही, हे त्याला माहीत आहे. आईची खरी काळजी नातीची, ओवीची. घरी असताना ते पोलादी तिजोरीत असतं आणि तिचा आकडा ओवीला ठाऊक नाही. भरलेलं पिस्तूल सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. तो कायदा नसता तरी तिजोरी मी आणायला लावलीच असती.

बाबा, तुम्ही आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीने वानरं हाकलणारे, त्यामुळे हात शिवशिवतील. पण इथे ते हातातही घ्यायचं नाही. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक बाळगणं संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत, ते आपल्या कामाचे नाहीत. मिलिंदनेही एच-वन-बी हा नोकरीचा तात्पुरता व्हिसा संपून ग्रीन कार्ड हाती आल्यावरच घेतलं.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल जवळ ठेवायला परवानाच लागत नाही. तरी मिलिंदने ४० डॉलर भरून, वर्ग करून, ५० गोळ्यांची नेमबाजीची परीक्षा देऊन परवाना काढला. तो इतर बऱ्याच राज्यांत चालतो. गंमत अशी की पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल जवळ असेल, तर परवानाधारकाने परवानाही दाखवायचा असा इथला कायदा आहे. ज्याने परवाना काढलाच नाही त्याच्यावर असं बंधन नाही. नियम पाळणाऱ्याच्याच गळ्यात जास्त काम, हे तुम्हाला तलाठी कार्यालयामुळे नवीन नाही. शिवाय राज्यागणिक सगळं बदलतं. मिशिगनमध्ये पोलिसाने थांबवलं की पिस्तूल जवळ असल्याचं न विचारता लगेच सांगावं लागतं. ओहायोतही तसंच होतं, २०२२ पासून विचारलं तरच. न्यूयॉर्क तर टेक्सासचा परवाना मानतच नाही, म्हणून आपण तिकडे जाऊ तेव्हा पिस्तूल घरीच राहील.

आपल्याकडे बंदूक म्हणजे सरकारची मेहेरबानी. निवडणूक आली की आजोबा ती ठाण्यात जमा करून पावती घेऊन यायचे. इथे तो राज्यघटनेतला हक्क आहे, आणि घराबाहेर बाळगण्यालाही तो लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या खटल्यात सांगितलं. पण हक्क कोर्टात मिळतो. रस्त्याच्या कडेला पहिल्या मिनिटाला पोलीस फक्त हात बघतो.

फिलँडो कॅस्टिलचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. मिनेसोटातला कृष्णवर्णीय माणूस, वय ३२, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायचा. जुलै २०१६ मध्ये गाडी अडवली गेली. त्याच्याकडे परवाना होता. तिथे न विचारता सांगण्याची सक्तीही नव्हती, तरी त्याने शांतपणे, ‘सर’ म्हणत, जवळ बंदूक असल्याचं सांगितलं. काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. तो बंदूक काढतोय असं वाटलं, हे पोलिसाचं म्हणणं. तो ओळखपत्र काढत होता, हे मैत्रिणीचं. पुढच्या जूनमध्ये ज्युरीने पोलिसाला निर्दोष सोडलं. आमच्या ओळखीतली काही मंडळी म्हणतात, आपल्या बाबतीत असं होणार नाही. ती कशाच्या जोरावर म्हणतात ते मला कळतं आणि मला ते आवडत नाही.

म्हणून आमच्या गाडीत पद्धत ठरलेली आहे. मागे निळे-लाल दिवे दिसले की गाडी उजवीकडे घ्यायची, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा, काचा खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. विम्याचा कागद सन व्हायझरला अडकवलेला असतो, म्हणजे कशासाठी खाली वाकायला नको. पोलीस खिडकीशी आला की मिलिंद हात न हलवता सांगतो: माझ्याकडे पिस्तुलाचा परवाना आहे, ते उजव्या कमरेला आहे, तुम्ही सांगाल तसं करतो. ‘गन’ हा शब्द एकदम तोंडातून काढायचा नाही, मागून येणाऱ्या दुसऱ्या पोलिसाला तेवढाच ऐकू गेला तर पंचाईत. सुरक्षेसाठी पोलीस पिस्तूल काढून घेऊ शकतो आणि काम संपल्यावर परत देतो. मागे एकदा मागचा दिवा गेला म्हणून थांबवलं होतं, तेव्हा तेही झालं नाही. तोंडी समज देऊन सोडलं.

आता तुमचं. बाबा, मुंबई-गोवा हायवेवर हवालदाराने हात केला की तुम्ही कागद घेऊन उतरता आणि चार पावलं पुढे जाऊन ‘काय साहेब’ म्हणता. इथे दार उघडून पोलिसाकडे चालत जाणं म्हणजे अंगावर जाणं. उतरायचं नाही. त्याने उतरायला सांगितलं तर मात्र लगेच उतरायचं, कारण तो अधिकार त्याला आहे. १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या खटल्यात चालकाबद्दल तसं ठरलं (त्या माणसाच्या जाकिटाखालच्या फुगवट्यात रिव्हॉल्वर निघालं होतं) आणि १९९७ मध्ये प्रवाशांनाही ते लागू झालं. आई, तू घाबरलीस की पर्समध्ये बीपीची गोळी शोधतेस. पोलीस जाईपर्यंत पर्समध्ये हात नाही. पासपोर्ट मागितला तर कुठे आहे ते आधी सांग, मग काढ. आणि आपापसात मराठीत कुजबुज नको.

मिलिंदशी बोलताना पोलिसाने गाडी तपासू का असं विचारलं, तर तो सभ्यपणे नाही म्हणेल. तो त्याचा हक्क आहे, तेव्हा ‘बघू दे की, आपण काय चोर आहोत?’ असं मागून म्हणू नका. तरीही तपासलीच तर अडवायचं नाही, पुढचं वकील बघेल. दंडाच्या पावतीचं काम आटोपल्यावर संशयाला आधार नसताना नुसतं अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा गाडीभोवती फिरवायला थांबवून ठेवता येत नाही, असाही २०१५ चा निकाल आहे. पण तो रस्त्यावर ऐकवण्यासाठी नाही, बाबा. कलम विचारायचं नाही. मी उगाच घाबरवते आहे असं वाटत असेल तर, टेक्सासमध्ये २०१७ च्या कायद्याने हायस्कूलच्या मुलांनाही पोलिसांनी थांबवल्यावर कसं वागायचं ते शिकवतात.

निघण्यापूर्वी एक काम कराच. आजोबांची बंदूक तुमच्या नावावर आहे आणि घर बंद राहणार. ती ठाण्यात जमा करून पावती घ्या. तुमची सत्तरी झाली, तेव्हा २०१६ च्या नियमांप्रमाणे दादाच्या नावे परवान्यासाठी अर्जही करता येतो, त्याला कागद गोळा करायला लावा. मूळ परवाना बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि पावतीचा फोटो मला पाठवा. कुळथाचं पीठ मोठ्या बॅगेत भरा, हातातल्या पिशवीत नको.

तुमची,
मेधा