अमरावतीचा रॅप सिनेमातून आला नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला मराठी रॅपवरचा लेख वाचला. मुंबईचे रॅपर नेझी आणि डिव्हाइन, मग २०१९ च्या फेब्रुवारीत आलेला ‘गली बॉय’ हा हिंदी सिनेमा, मग पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन, आणि शेवटी ‘हे लोण आता अमरावतीसारख्या शहरांतही पोहोचले आहे’ एवढं अर्धं वाक्य. पोहोचले आहे म्हणे!

मी राजापेठेत साउंड सर्व्हिस चालवतो. लग्न, प्रचारसभा, भागवत सप्ताह, जयंती, ज्याला लागेल त्याला माइक देतो. रॅपमधलं मला फार कळतं असा दावा नाही. पण या गावात तो कोणत्या स्टेजवर उभा राहिला, हे मी मिक्सरमागे बसून ऐकलेलं आहे.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि फुकटच्या नेटवर पोट्टे रॅपमागे वाजवायची तयार बीट उतरवून घ्यायला लागले. त्याच हिवाळ्यात फ्रेजरपुऱ्याकडची दोघं-तिघं दुकानात आली. ‘भाऊ, एक टॉप अन् दोन माइक, दोन घंट्याचे किती घेसान?’ टॉप म्हणजे स्पीकरचा खोका. प्रोग्राम काय, तर म्हणे सायफर. गोल करून उभं राहायचं आणि एकामागून एकाने बोलायचं, एवढाच प्रोग्राम. मालटेकडीच्या पायथ्याशी तो झाला. मोबाइल ऑक्स केबलने मिक्सरला जोडलेला. बीट रंगात आली की कुणाच्या तरी आईचा फोन यायचा आणि टॉपमधून रिंगटोन वाजायची. बीट पैसे न भरता उतरवलेली, त्यामुळे मधूनमधून त्यातच भरून ठेवलेल्या आवाजात एक इंग्रजी बोलणारी बाई ती बनवणाऱ्याचं नाव पुकारायची. पोट्टे तिच्यासाठी ओळीत बरोबर जागा सोडायचे, हे मला फार आवडलं होतं.

माझं एकच भांडण होतं. रॅपवाला पोरगा माइकचं डोकं मुठीत धरतो. टीव्हीवर तसंच दिसतं ना. जाळी अशी झाकली की माइक आजूबाजूचाही आवाज ओढायला लागतो आणि शिट्टी मारतो. ‘दांडी धर बे, मुंडकं नको धरू’ हे मी इतकं ओरडलो की त्यातल्या एकाने ती ओळच रॅपमध्ये घातली.

आता मुद्द्याचं. १४ एप्रिलला इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जी गर्दी लोटते, ती ज्याने पाहिली नाही त्याला सांगून उपयोग नाही. त्या दिवसांत वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे कार्यक्रम असतात. एक गायन पार्टी उतरून दुसरी चढेपर्यंत, हार्मोनियम-ढोलकीचे माइक नीट लावेपर्यंत, स्टेज जरा वेळ मोकळं असतं. मंडळाच्या पोरांनी त्या फटीत या रॅपवाल्यांना घुसवलं. समोर बसलेली माणसं वामनदादा कर्डकांची गाणी तोंडपाठ असलेली. ती कुरकुरली. ‘हे काय बडबडून राह्यले?’ अशी चौकशी माझ्याकडेच झाली, जणू मीच त्यांना आणलं होतं.

मग एका पोराने अंबादेवीचा सत्याग्रह घेतला. मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९२७ साली इथे उभी राहिलेली चळवळ, त्या नोव्हेंबरात परिषदेसाठी अमरावतीत आलेले बाबासाहेब, असं सगळं त्याने सनावळीसकट बांधलं होतं. दुसऱ्या कडव्याला नव्या पार्टीचा ढोलकीवाला, जो नुसता ढोलकी ताणत बसला होता, त्याने न सांगता ठेका धरला. मी मोबाइलची बीट हळूहळू खाली आणली आणि बंद केली. पोरगा अडखळला नाही. समोरच्या बायांनी ते परत म्हणायला लावलं. हे ‘गली बॉय’च्या आधीचं आहे, आणि त्या बायांपैकी कुणी नेझीचं नाव ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना ते आपलंच वाटलं, कारण ते होतंच आपलं. लयीत बोलून माणसं हलवायची रीत इथे आंबेडकरी जलशांची आहे, गाडगेबाबांच्या कीर्तनाची आहे, मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीची आहे.

त्याहून मोठी गोष्ट लेखात कुठेच नाही, ती वऱ्हाडीची. मी अनेक वर्षं कविसंमेलनांना माइक दिलेत. स्टेजवरून कुणी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हटलं की लोक हसायलाच बसलेले असतात. वऱ्हाडीत थोर आणि गंभीर कविताही आहे, पण टाळ्यांचा बाजार विनोदाचा. सिरियलमध्येही वऱ्हाडी बोलणारा म्हणजे गबाळा नोकर. या पोट्ट्यांच्या पहिल्या कार्यक्रमांतही लोक हसले. बापाच्या कापसाला भाव नाही, घरात कर्जाचा कागद आला, असं पोरगा म्हणतोय आणि मागच्या रांगा खिदळताहेत, हे मी एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पाहिलंय. पोरगा थांबला नाही, आवाज चढवला नाही, तेच शब्द त्याच चालीत बोलत राहिला. हसणं मावळलं. ज्या बोलीत घरी रडतात, त्याच बोलीत स्टेजवर रागावता येतं, हे आमच्या गावाला या पोरांनी दाखवलं. मुंबईच्या रॅपची नक्कल करून हे जमलं नसतं.

सगळंच चांगलं होतं असं नाही. वऱ्हाडीत शेवटी ‘ले’ लावला की यमक फुकट मिळतं: मले, तुले, बापाले, शेताले. आळशी पोरं तेवढ्यावर दिवस काढायची. माझ्या दुकानात चहाला येणारे गझलप्रेमी मास्तर होते. सुरेश भटांच्या गावात असे मास्तर पैशाला पासरी मिळतात. ते एकदा ऐकून म्हणाले, ‘ही नुसती रदीफ झाली, काफिया कुठंय?’ पोट्ट्यांनी आधी दात काढले, मग काफिया म्हणजे काय ते विचारून घेतलं: रदीफ म्हणजे ओळीच्या शेवटी तसाच परत येणारा शब्द, काफिया म्हणजे त्याच्या आधी जुळणारं यमक. पुढे त्यांच्या ओळींत ‘ले’च्या आधीचं अक्षरही जुळायला लागलं. शिव्याही भरपूर होत्या. त्यातल्या निम्म्या उगाच होत्या.

सिनेमानंतर ऑर्डर वाढल्या, हे खरं. पण त्यात कपडे आणि चष्मे बघून आलेलेच जास्त. २०२१ च्या फेब्रुवारीत इथे पुन्हा लॉकडाऊन लागला तेव्हा माझं गोदाम आणि शेजारच्या मंडपवाल्याच्या गाद्या, दोन्ही रिकामे पडले होते. पोट्ट्यांनी गाद्या भिंतींना उभ्या लावून रेकॉर्डिंगची खोली केली. आवाज स्वच्छ यायचा, मात्र गाद्यांना लागलेला लग्नातल्या बासुंदीचा वास शेवटपर्यंत गेला नाही. २०२३ मध्ये सौरभ अभ्यंकर, म्हणजे १०० आरबीएच, ‘हसल’ या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेच्या मंचावर आला तेव्हा सबंध गावाने मोबाइलवर पाहिलं. रॅपर विपीन तातडचं नाव तर त्याआधीच पोरांच्या तोंडी होतं. दोघंही अमरावतीचे. आपल्या लेखात दोघंही नाहीत. ते हिंदीत बोलतात म्हणून मराठी रॅपच्या लेखात बसत नसतील, तर इथल्या चौकातली हिंदी एकदा ऐकून बघा. तिच्यात अर्धी वऱ्हाडी असते.

माझ्याकडे मिक्सरवरून थेट घेतलेली त्या वर्षांची रेकॉर्डिंगं पडून आहेत, जयंतीची ढोलकीवालीसुद्धा. ज्यांचे आवाज आहेत त्यातले कुणी आता बँकेत आहेत, कुणी पुण्याला डिलिव्हरी करतात. बऱ्याच जणांनी यूट्यूबवरची चॅनेलं काढून टाकली. त्यांची परवानगी मी विचारीन. आपल्या वार्ताहराने येऊन ऐकावं आणि पुढचा लेख त्यावर लिहावा. फक्त लग्नसराई चालू आहे, तेव्हा दुपारी यावं. संध्याकाळी पाचनंतर गाडी भरायची असते.

आपला,
एक साउंडवाला, राजापेठ, अमरावती
(नाव छापू नये, ही विनंती.)