खांदा बघायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या त्या सकाळीला दोन वर्षं होऊन गेली. तुमचे आभार मानायचे राहून गेले आणि नाव विचारायचंही सुचलं नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय.

मी पक्ष्यांच्या नोंदवहीत ‘राघू (म्हणजे आपला नेहमीचा पोपट), मादी’ असं लिहीत होते. गळ्याभोवती रंगीत पट्टा, म्हणजे कंठ, नाही म्हणजे मादी, एवढंच मला ठाऊक. तुम्ही वहीत डोकावलात आणि म्हणालात, “पोरी, गळा सोड, खांदा बघ.” आणि गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिलीत.

हिरव्या पंखावर, अगदी खांद्याशी, तांबडा डाग! लालभडक चोच तर केवढी जाड. एका पायात शिरीषाची शेंग धरून तो पक्षी ती चिरत होता, टरफलं टपटप खाली पडत होती. हा राघू नव्हेच, हा करण पोपट, पोपटांची वेगळी जात. खांद्यावरचा डाग त्याच्या नर-मादी दोघांना असतो, राघूला कधीच नसतो. शेजारच्या फांदीवर राघू येऊन बसला तेव्हा तर बघतच राहिले. राघू शेपटीसकट 40 सेंटिमीटरच्या आसपास, करण 55च्या पुढे. एकेकटा दिसला की हा अंदाज हमखास चुकतो.

कंठाचं कोडंही तुम्हीच उलगडलंत. दोन्ही जातींत कंठ फक्त नराला, आणि राघूच्या नराला तो फुटायला साधारण तीन वर्षं लागतात. म्हणजे मी ‘मादी’ लिहिलेल्यांत कोवळे नर किती असतील! मग डोळे मिटून ऐकायला लावलंत: राघूचा आवाज चिरका, करणचा घोगरा, भरदार.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत राघूची काळजी नाही, करण मात्र संकटाच्या उंबरठ्यावर आहे. पिल्लं चोरून विकली जातात, ढोलीची जुनी झाडं तुटतात. सगळ्यांना सरसकट ‘पोपट’ म्हणून मोजलं, तर राघूंच्या गर्दीत करण कमी झालेला कळणारच नाही. माझ्या जुन्या वह्यांत हेच झालंय, आणि ते आता दुरुस्त करता येत नाही. याची फार रुखरुख लागते.

त्या दिवसापासून दोघांचे रकाने वेगळे केलेत. परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना घोगरी हाक ऐकली आणि मान वर करायच्या आधीच ‘करण’ म्हणाले. दोन होते. काका, मनापासून आभार. पुन्हा भेटलात तर वही दाखवायची आहे.

तुमची,
त्या सकाळची वहीवाली मुलगी