नेट बंद असल्याचा मेल कोणी वाचायचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात इतिहास विभागाची वरिष्ठ लिपिक आहे. १९९९ साली नोकरीला लागले. पत्र लांबलंय, जागेनुसार कात्री लावा, फक्त प्रिंटरचा मजकूर तेवढा राहू द्या.

पंधरवड्यापूर्वी शुक्रवारी संध्याकाळी सहा चाळीसला आमच्या संगणक केंद्राचा मेल आला. कार्यालय सव्वासहाला सुटतं, म्हणजे तेव्हा मी बस स्टॉपवर उभी होते. विषय ‘शेड्यूल्ड मेंटेनन्स’. आत इंग्रजीत सात ओळी. कोअर स्विच बदलणार, व्हीलॅन मायग्रेशन होणार, नवीन ऑथेंटिकेशन लागू होणार, शनिवार-रविवार नेट बंद, आणि शेवटी गैरसोयीबद्दलची नेहमीची दिलगिरी. हे सगळं मला सोमवारी दुपारी वाचायला मिळालं. कारण सकाळी संगणक लावला तर नेट सुरू करायला नवीन लॉगिन मागत होता, आणि ते लॉगिन कसं करायचं हे त्या मेलमध्ये लिहिलेलं होतं.

त्याच सोमवारी आमच्याकडे पीएच.डी.च्या सहा जणांचे प्रगती अहवाल समितीपुढे जायचे होते. बाहेरून दोन तज्ज्ञ आले होते, एक तर रात्रभर गाडीनं प्रवास करून. अहवाल छापायचे तर प्रिंटर ‘ऑफलाइन’. हा आमचा प्रिंटर म्हणजे व्हरांड्यातलं मोठं धूड, झेरॉक्सही तोच काढतो. दिवा हिरवा, कागद भरलेला, शाई आहे, तरी संगणक म्हणतो ऑफलाइन. मला जे जे येतं ते सगळं केलं. बंद करून चालू केला, केबल काढून परत लावली, आमच्या शिपाईमामांनी त्याला एक हलकी चापटही मारून पाहिली. मुलं आपापल्या परीनं पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबत होती. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन ती गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे पळाली आणि येताना दोघांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस घेऊन आली.

दुपारी तीनला केंद्रातला एक मुलगा आला. कंत्राटी आहे, पण कामाला पक्का. त्यानं प्रिंटरचं एक बटण थोडा वेळ दाबून धरलं, तशी त्या यंत्रानं स्वतःबद्दलच एक पान छापून दिलं. सव्वीस वर्षांत मला माहीत नव्हतं की प्रिंटर आपली कुंडली आपणच छापतो. त्या पानावर त्याचा नेटवर्कमधला पत्ता होता, १९२.१६८ ने सुरू होणारा. माझ्या संगणकाचा पत्ता मात्र आता १० ने सुरू होत होता. मुलगा म्हणाला, “मॅडम, हा जुन्या गावातच राहिलाय, तुम्ही नवीन गावात आलात.” माझं माहेर उजनीच्या बुडीत क्षेत्रातलं. मला आणखी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्यानं चार मिनिटांत पत्ता बदलून दिला. मग सकाळपासून अडकलेलं सगळं एकदम बाहेर पडायला लागलं. एकाच मुलीचा अहवाल नऊ वेळा. तोवर समितीची बैठक आटोपली होती.

मी त्याला विचारलं, हे आधी करता आलं नसतं का? तो म्हणाला, “विभागांकडून प्रिंटरची यादी मागवायची राहून गेली.” बस, एवढंच. पत्र लिहायचं कारणही एवढंच. ती यादी माझ्याकडे मागितली असती तर मी दहा मिनिटांत दिली असती. एक व्हरांड्यातला, एक विभागप्रमुखांच्या केबिनमधला, आणि एक कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाला जोडलेला.

त्या जुन्या संगणकाबद्दल सांगायलाच हवं. त्यात विभागाच्या पंधरा-वीस वर्षांच्या सभांची इतिवृत्तं आहेत, जुन्या प्रबंधांच्या प्रती आहेत, सगळं युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर मराठी सारखीच दिसते त्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. तो फॉन्ट मागे खोचलेल्या डोंगलशिवाय, म्हणजे किल्लीसारख्या छोट्या तुकड्याशिवाय, उघडत नाही, आणि तो डोंगल नवीन संगणकात चालत नाही. दुसऱ्या संगणकावर तीच फाइल उघडली की ‘विभागीय समिती’च्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि कंस दिसतात. मराठीत काम करणाऱ्या कुठल्याही कार्यालयात असा एक म्हातारा कोपऱ्यात सापडेल. त्याला नेट नकोच, नसलेलंच बरं. त्यावरच्या विंडोज ७ चा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० लाच संपला, हे मलाही कळतं. पण नव्या सूचनेत ‘नियमात न बसणारी यंत्रं हटवण्यात येतील’ असंही एक वाक्य आहे. कोणती यंत्रं, कोणी ठरवायचं, आतलं काढून घ्यायला किती दिवस, यावर एक शब्द नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या वीसपैकी चौदा संगणकांत ते बसत नाही. हे चौदाही हटवणार असतील तर एम.ए.च्या मुलांनी कशावर काम करायचं?

आता संशोधनाच्या नियतकालिकांचं. एक मुलगी लातूरकडची, वसतिगृहात राहते, निजामकाळातल्या महसुलावर काम करते. तिला हवा असलेला लेख विभागातल्या संगणकावर पूर्वी थेट उघडायचा. सोमवारपासून त्याच पानावर पैसे भरा म्हणून येऊ लागलं. ती ग्रंथालयात गेली, त्यांनी संगणक केंद्राकडे पाठवलं. केंद्रानं ग्रंथालयाकडे पाठवलं. अकरा दिवस हा प्रकार चालला. शेवटी उलगडा झाला तो असा, की बाहेरच्या प्रकाशकाला आपलं विद्यापीठ ओळखू येतं ते इंटरनेटच्या पत्त्यावरून. या कामात तो बाहेरचा पत्ताही बदलला होता आणि नवा पत्ता पुढे कळवायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना, म्हणजे नियतकालिकांची वर्गणी सरकारनंच भरायची, १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. सरकारनं पैसे भरले आणि आम्ही पत्ता कळवायला विसरलो. त्या मुलीचा एका प्रकरणाचा मसुदा द्यायची तारीख याच अकरा दिवसांत होऊन गेली. तिला मुदतवाढ मिळाली, पण अर्जात कारण काय लिहायचं यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी तिनं ‘तांत्रिक’ एवढाच शब्द लिहिला.

वाय-फायचीही तीच कथा. मुलांनी फोनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक, एका फॉर्मवर लिहून, विभागप्रमुखांची सही-शिक्का घेऊन द्यायचा. मी एका दिवसात बेचाळीस फॉर्मवर शिक्के मारले. त्यातले निम्म्याहून जास्त ‘जुळत नाही’ म्हणून परत आले. मुलांना वाटलं मी चुकीचं उतरवून घेतलं. माझ्या भाच्यानं घरी चहा पिता पिता सांगितलं: अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा नंबर न सांगता वेगळाच दाखवतो, आयफोनही आयओएस १४ पासून तेच करतो. फोनच्या माहितीच्या पानावर दिसतो तो आकडा एक, आणि वाय-फायला दिसतो तो दुसरा. त्या त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर बरोबर आकडा मिळतो. फॉर्मवर एवढी एक ओळ असती तर माझे निम्म्याहून जास्त शिक्के वाया गेले नसते. आता मी ती ओळ स्केचपेननं मोठ्या कागदावर लिहून दारावर चिकटवली आहे. वाणिज्य विभागातली मुलंही येऊन वाचून जातात.

संगणक केंद्रातल्या लोकांवर राग काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्यातली कायम माणसं किती हे मला माहीत आहे, बोटं पुरतात. बाकी सगळे अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. मागच्या पावसाळ्यात आमच्या इमारतीची फायबर केबल खारींनी कुरतडली, तेव्हा हाच मुलगा भर पावसात शिडीवर चढून छतातून नवी ओढत होता. त्याला मी विचारलं, मुळात हे लॉगिन हवंच कशाला? त्यानं सांगितलं की सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशानुसार नेटवर्कच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात आणि काही गडबड झाली तर सहा तासांत कळवावं लागतं. कोण कुठून नेटवर आलं हेच माहीत नसेल तर नोंद कसली ठेवणार? मला हे पटलं. मुलांना सांगितलं तर त्यांनाही पटलं. मग हे त्या सात ओळींत का नव्हतं? व्हीलॅन मायग्रेशनला जागा होती.

मी लागले तेव्हा विभागात एकच संगणक होता आणि नेट म्हणजे मोडेमचा कर्कश आवाज. पण सूचना कशी यायची ते सांगते. मामा सूचना-वही घेऊन यायचे. लाल कापडी बांधणीची, काखेत धरलेली. विभागप्रमुखांनी वाचून सही केल्याशिवाय ते टेबलापासून हलायचे नाहीत. कोणी रजेवर असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. सही झाली की सूचना पोहोचली. आता मेल ‘पाठवला’ की काम झालं. पोहोचला का, वाचला का, कळला का, हे कोणाला बघावं लागत नाही. माहेरच्या गावाला पाणी लागणार होतं तेव्हा तारखेची दवंडी पिटली होती, असं आई सांगायची. ती तारीखही मराठीतच होती.

भाषेचं म्हणाल तर आमच्या विद्यापीठाची बाकी परिपत्रकं मराठीत निघतात. सुट्ट्यांची, वेतनाची, शोकसभेची. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा संकेतस्थळावर फुलांच्या चौकटीत अभिनंदन होतं. संगणक केंद्राची सूचना तेवढी इंग्रजीत. आमचे मामा, प्रयोगशाळेतले परिचर, सुरक्षारक्षक, पहिल्या वर्षाची खेड्यातून आलेली मुलं, हेही नेट वापरतातच की. ‘स्विच’ला मराठी शब्द शोधा असं मी म्हणत नाही. स्विच म्हणा, राउटर म्हणा. वाक्य तेवढं मराठी असू द्या.

कशी लिहायची म्हणून विचाराल तर मी लिहून पाहिली आहे. अशी: “शुक्रवार संध्याकाळी ६ ते सोमवार सकाळी ९ या वेळेत इतिहास, भूगोल व समाजशास्त्र विभागांच्या इमारतीतलं इंटरनेट बंद राहील. सोमवारी संगणक सुरू केल्यावर नवीन पान उघडेल, तिथे आपला कर्मचारी किंवा नोंदणी क्रमांक टाकावा. सर्वांचे प्रिंटर आम्ही नव्याने जोडून देऊ, त्यासाठी यादी बुधवारपर्यंत द्यावी. ग्रंथालयाची नियतकालिके दोन दिवस उघडणार नाहीत, लागणारे लेख आधी उतरवून ठेवावेत. अडचण आल्यास अमुक विस्तार क्रमांकावर फोन करावा, तिथे सकाळी ८ पासून माणूस असेल.” इतकंच. ही किमान आठ दिवस आधी निघावी, मेलवरही आणि फळ्यावरही. त्याआधी कुलसचिव कार्यालयाकडून परीक्षांच्या आणि समित्यांच्या तारखा मागवून घ्याव्यात. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात माहिती तंत्रज्ञान मंडळ आहे. त्या मंडळाच्या बैठकीला आमच्यासारखा एखादा लिपिक, एखादा संशोधक विद्यार्थी बोलावून तर बघा. चहा आमचा आम्ही पिऊन येऊ.

परवा आणखी एक मेल आला आहे. ‘फेज टू’. या वेळी परीक्षा विभाग आणि ग्रंथालयाची इमारत. तारखेच्या जागी ‘टू बी अनाउन्स्ड’. परीक्षा विभागात किती प्रिंटर आहेत ते मी तिथल्या बाईंना फोन करून विचारलं, अकरा आहेत. त्यांना ते कुंडली छापणारं बटण कसं दाबायचं तेही सांगून ठेवलं आहे.

आपली नम्र,
एक वरिष्ठ लिपिक, इतिहास विभाग
(माझं व विद्यापीठाचं नाव छापू नये, ही विनंती.)