माळांच्या डबीत कपॅसिटर नको, 24 व्होल्टच्या माळा घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापकीय समिती

विषय : जिन्यातल्या व गेटवरच्या एलईडी माळांची फडफड

महोदय,

दिवाळीच्या जुन्या माळा फडफडतात म्हणून त्यांच्या डबीत कपॅसिटर (वीज साठवून पुरवणारा भाग) टाकून घ्यायचे घाटते आहे. खर्च किरकोळ असला तरी हे काम कृपया थांबवावे.

या साध्या माळेत पन्नासेक पांढरे दिवे सीरिजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले, जोडीला करंट आवरणारा एक रेझिस्टर, आणि 50 हर्ट्झची वीज एकाच दिशेने जाते. दिव्याला 3 व्होल्ट धरले तर पन्नासांना 150 लागतात. तेवढे चढेपर्यंत माळ काळोखीच. म्हणजे सेकंदाला 50 वेळा पेटूनही ती जवळजवळ दोन-तृतीयांश वेळ विझलेली असते. तिच्या उजेडात हातातली किल्ली भरभर हलवून पाहा, एकीच्या चार दिसतील. अर्धशिशीवाल्यांना हा उजेड सोसत नाही.

कपॅसिटर टाकला की 230 व्होल्टच्या लाइनचे कमाल व्होल्टेज, सुमारे 325, माळेला सतत मिळू लागते. वर सांगितलेल्या माळेत सरासरी करंट चौपटीच्याही वर जातो. रेझिस्टर भाजतो, डबी वितळू शकते, दिवे तर जातातच. शिवाय प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो, आणि माळा उतरवायला पुढे असतात ती मुलेच.

मधूनच, ताल नसलेली फडफड असेल तर दुखणे वेगळे : पीळ देऊन टेप गुंडाळलेला जॉइंट. टेप सोडवली की आत हिरवट पडलेली तार दिसते. प्लग काढून ती ताज्या तांब्यापर्यंत कापावी, सोल्डर करून वर हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवावी.

नवीन घ्यायच्या तर 24 व्होल्ट डीसीच्याच (दिशा न बदलणाऱ्या विजेच्या) घ्या. 10 वॅटच्या सहा माळा म्हणजे 60 वॅट, 2.5 अँपिअर, अ‍ॅडॉप्टर 80 ते 100 वॅटचा, बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) 'आर-'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला. 12 व्होल्टच्या थोड्या स्वस्त मिळतात, पण 20 मीटर लांब नेल्यावर 1.5 चौरस मिमी वायरमध्येच 2.4 व्होल्ट, म्हणजे पाचवा हिस्सा, खर्ची पडतो आणि टोकाचे दिवे मंदावतात. 24 मध्ये तीच घट 1.2 व्होल्ट, जेमतेम 5 टक्के.

दुकानातच माळ पेटवून मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढावा. उजेड लुकलुकला किंवा पट्टे सरकले तर तो अ‍ॅडॉप्टर परत. डिमर आणि पंख्याचा रेग्युलेटर जोडू नये. लुकलुकीचा प्रकार बदलणारा कंट्रोलर 'स्थिर'वर ठेवावा : सेकंदाला 3 ते 30 वेळा होणाऱ्या लखलखाटाने काहींना फिट येऊ शकते.

अ‍ॅडॉप्टर पावसापासून आडोशाला, मुलांचा हात पोचणार नाही असा, आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. आरसीसीबीचे टेस्ट बटण माळा लावण्याआधी दाबून पाहावे. ट्रिप झाला नाही तर गेटवर एकही माळ चढवू नये.

आपला,
सभासद, बी विंग